शंभर टक्के एकमताची पोपटी

कॉलेजात जाईपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की निबंध लिहिणं म्हणजे सुवाच्य अक्षरात खोटं बोलणं. शाळेत मी ‘माझा आवडता प्राणी’ म्हणून हरणावर दोन पानं लिहिली होती. हरीण मी सोडाच, आमच्या पंचक्रोशीत कुणीही पाहिलेलं नव्हतं. दारात म्हैस होती, पण म्हशीवर सुंदर काही लिहिता येत नाही असं गुरुजींचं मत होतं आणि त्यांच्यामुळे माझंही. माझं हरीण माझ्या हातून कोवळं गवत खायचं, माझ्या मागे मागे शाळेपर्यंत यायचं आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी पायात काटा रुतून मरायचं. गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला, डोळे पुसले आणि मला दहापैकी नऊ गुण दिले. काट्यानं हरीण कसं मरेल हे ना त्यांनी विचारलं, ना मला सुचलं. मी तो निबंध लिहीत होते तेव्हा म्हैस ओट्याखाली उभी राहून अर्धा तास रेकत होती, कारण तिला पाणी दाखवायचं काम माझंच होतं.

आमचं घर म्हणजे तीन माणसं आणि पुष्कळ आवाज. बाबा मुंबईला गोदीजवळच्या एका गोदामात कामाला. सोमवारी पहाटे रेवसच्या धक्क्यावरून लाँच पकडायची आणि शनिवारी संध्याकाळी पावाची पुडी काखेत मारून परत यायचं, असा त्यांचा आठवडा. मधले पाच दिवस घरात आई आणि मी. आई भांड्यांशी बोलायची. तवा तापला नाही की तव्याला, दूध उतू गेलं की टोपाला, सगळ्यांना नावानिशी शिव्या. तांदळाची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा, आणि तो थांबला की समजायचं, भाकरी तव्यावर पडली, आता ताट घेऊन बसावं. थंडीत रात्रभर भिजवलेले वाल सकाळी सोलायला बसायचो तेव्हा सोललेला वाल बोटांतून सटकून थेट म्हशीपर्यंत जायचा. आई मोजून एकच शब्द बोलायची, “हात.” म्हणजे हात नीट चालव. मी अजूनही वाल सोलायला बसले की हा शब्द कानात येतो आणि वाल अजूनही सटकतातच.

गावातून अलिबागच्या कॉलेजात जाणारी मुलगी मी एकटीच, त्यामुळे गावाला माझं कौतुकही होतं आणि माझ्यावर डोळाही. एस.टी.तून उतरले की कुणी ना कुणी विचारायचं, “काय गो बाय, आज काय शिकवलान?” मी काहीतरी सांगायची. एकदा ‘तर्कशास्त्र’ असं सांगितलं तर पोशाकाका पुढचे चार दिवस मला घाबरून होते. हे पोशाकाका खालच्या आळीतले, विड्या ओढणारे, आणि गावात कुठलंही मत मांडलं गेलं की त्याच्या उलट मत ज्यांच्याकडे तयार असायचं असे.

आम्हाला संशोधन आणि निबंधलेखन शिकवायला मोडक सर होते. पुण्याहून आलेले, काटकुळे, एकटेच. त्यांनी किहीमला नारळांच्या वाडीतली एक खोली भाड्यानं घेतली होती, आणि नारळ डोक्यात पडून माणूस मरतो असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असल्यामुळे ते बाराही महिने छत्री उघडून चालायचे. नारळापुढे छत्री काय टिकणार, असं त्यांना कुणीच विचारलं नाही. दुसऱ्यांना मात्र ते सतत विचारायचे, आणि एकच प्रश्न विचारायचे, “कशावरून?” आमचा पहिला निबंध होता ‘माझं गाव’. मी लिहिलं, ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं माझं चिमुकलं गाव.’ समासात लाल शाईनं, ‘चिमुकलं कशावरून?’ मी लिहिलं, ‘येथील लोक अत्यंत प्रेमळ आहेत.’ समासात, ‘कशावरून? किती लोक? कुणावर?’ मी लिहिलं होतं की संध्याकाळी पाखरं गात गात घरट्याकडे परततात. तिथे सरांनी नुसतंच ‘कोणती?’ असं विचारलं होतं, आणि मला कावळ्याशिवाय एकही नाव आठवेना. मी एस.टी.त बसून रडले. हरणावर नऊ गुण मिळवलेली मी!

पण रडून झाल्यावर मला त्या शब्दाची चटक लागली. हा शब्द हातात आला की समोरचा माणूस गप्प होतो, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. आई म्हणाली, “आमटीत मीठ बरोबर हाय.” मी म्हटलं, “कशावरून?” तिनं पळीचा दांडा माझ्या मनगटावर हाणला आणि म्हणाली, “यावरून.” शनिवारी बाबा म्हणाले, आज लाँचला फार गर्दी होती. मी म्हटलं, किती माणसं, मोजली का? बाबांनी पावाची पुडी खाली ठेवली आणि आईकडे बघून विचारलं, “हिला ताप हाय काय?” आज माझी नात कॉलेजचा निबंध फोनला सांगते आणि फोन तो लिहून देतो. मी चष्मा लावून वाचते, पहिल्याच वाक्यावर विचारते, कशावरून, आणि ती आईला हाक मारून सांगते की आजीला परत झटका आलाय.

त्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एक काम दिलं. आपापल्या गावातली एक रीत घ्यायची, निदान चाळीस माणसांकडून प्रश्नावली भरून आणायची आणि त्यावर वीस पानी निबंध लिहायचा. हा निबंध ज्याचा मान्य होणार नाही त्याला वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनीही त्यांचं सांगून टाकलं. ते काही दुष्ट नव्हते, पण सरळ माणूस. “वरीस गेलं तर फुकट फेऱ्या कशाला? पनवेलला मामाकडं जा. त्याला अगरबत्तीला माणसं पायजेत.” मामाचा अगरबत्तीचा धंदा घरातच होता. मोगरा, चंदन, गुलाब आणि केवडा असे चारी वास एकदम यायचे. भाताला मोगऱ्याचा वास, माशाला केवड्याचा. एकदा मी तिथे तीन दिवस राहिले आणि तिन्ही दिवस शिंकले. जन्मभर त्या घरात बसून काड्या वळायच्या, या विचारानं मला खरोखर धडकी भरली. कॉलेज मला आवडायला लागलं होतं. तो लाल शाईचा माणूससुद्धा आवडायला लागला होता, पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

मी पोपटी निवडली. आता किहीमकडच्या रिसॉर्टांच्या दारात ‘पोपटी मिळेल’ असे फलक लागतात आणि मुंबईची माणसं तिच्याबरोबर फोटो काढतात, पण तेव्हा ती आमच्यापुरतीच होती. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, वाटण लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायच्या. आत पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही. भांबुर्डीच्या वासानं अर्धं पोट भरतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भांडणं होतात.

सरांनी सांगितलं होतं, संशोधनाला नेमका प्रश्न हवा. मी नेमका प्रश्न काढला, पोपटी भाजायला किती वेळ लागतो? त्याखाली तीन चौकोन, पंधरा मिनिटं, तीस मिनिटं, पंचेचाळीस मिनिटं. त्याच्या आधी नाव, वय, मुलं किती, पोपटी किती वर्षं लावता, वगैरे. कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पन्नास प्रती काढल्या आणि हाताला शाई लावून मोठ्या ऐटीत घरी आले. पहिला कागद आईसमोर धरला, कारण ती समोर होती. ती मासे साफ करत होती. म्हणाली, “मिन्टं काय माहीत? पानी मारून बघायचं.” मी म्हटलं, आये, तसं नाही, यातलं एक सांग. ती म्हणाली, “यातलं एक पन न्हाय.” तिचं उत्तर कुठल्याच चौकोनात बसेना, म्हणून मी तिचा कागद घडी करून चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच कागदानं चूल पेटवली.

उरलेले कागद घेऊन मी घरोघर जायला हवं होतं. सरांनी तीनदा बजावलं होतं, स्वतः जा, स्वतः विचारा, समोर बसून लिहा. पण मला लाज वाटत होती. ज्यांनी मला शेंबडी पाहिलं त्यांना जाऊन ‘आपलं वय?’ असं कसं विचारायचं? शिवाय बाळारामनाना वाटेतच भेटले. नाना आमच्या गावकीचे अध्यक्ष. लग्न असो, पालखी असो, विहिरीचा गाळ काढायचा असो, गावकीत बसून ठरायचं आणि ठरलं की ठरलं, त्याच्या बाहेर कुणी बोलायचं नाही. नानांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, “परीक्षा हाय का तुझी?” मी म्हटलं, तसंच समजा. “मंग ठेव हितं. गाव बघून घेईल.”

गावानं बघून घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं. पूर्वी कधीतरी पिकाची पाहणी करायला सरकारी माणूस आला होता आणि दर माणसानं त्याला वेगळं पीक सांगितलं होतं. तेव्हापासून गावकीचा नियमच झाला होता की बाहेरच्या कागदाला गावाचं उत्तर एकच जायला हवं. त्यातून ही आपल्या पोरीची परीक्षा. उत्तरं वेगवेगळी गेली तर मास्तर म्हणणार, हिला काही येत नाही. मारुतीच्या देवळात दोन तास बैठक झाली. वरची आळी म्हणत होती पंधरा मिनिटं, खालची आळी पंचेचाळीस. शेवटी नानांनी तोड काढली, अर्धा तास. तो कुणालाच पटला नव्हता, म्हणून सगळ्यांनी मान्य केला. नानांनी पहिला कागद भरला, आणि ज्या तिघाचौघांना बरं लिहिता येत होतं त्यांनी तो समोर ठेवून बाकीचे चाळीस उतरवून काढले. नावं तेवढी बदलली. वय, मुलं, वर्षं, सगळं नानांचंच.

एकेचाळीस कागद माझ्या हातात आले. मी ते वाचले, एकही सोडला नाही, आणि आता सांगायला लाज वाटते, मला अतिशय आनंद झाला. शंभर टक्के! वर्गात कुणालाही शंभर टक्के मिळाले नव्हते. सरासरी वय काढायचं होतं, म्हणून मी एकेचाळीस वेळा बासष्ट मांडले, बेरीज केली, एकेचाळीसनं भागलं आणि उत्तर बासष्ट आलं तेव्हा गणित बरोबर सुटल्याचं समाधान मानलं. निबंधाच्या शेवटी लिहिलं, ‘यावरून निर्विवादपणे सिद्ध होते की पोपटी भाजण्यास तीस मिनिटे लागतात.’ ‘यावरून’ या शब्दाखाली मी स्वतःच रेघ मारली होती.

चार दिवसांनी सरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एकेचाळीस कागद पत्त्यांसारखे मांडलेले होते. लाल पेन बंद होतं, म्हणजे विचारायलाही काही उरलं नव्हतं.

“तुमच्या गावात एकेचाळीस माणसं बासष्ट वर्षांची आहेत?”

मी जवळचा एक कागद उचलून वय बघितलं. बासष्ट.

“आणि प्रत्येकाला चार मुलं. या कमळीबाईंचं लग्न कधी झालं?”

“त्यांचं लग्न अजून व्हायचंय सर. ती माझ्याएवढी आहे.”

“चार मुलं आहेत तिला,” सर म्हणाले. “आणि पंचावन्न वर्षं पोपटी लावते.”

त्यांना वाटलं होतं की मी घरी बसून सगळे कागद स्वतःच भरले. मी शपथ घेऊन सांगितलं, मी नाही, गावानं भरले. सरांनी छत्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. म्हणाले, “रविवारी मी येतो. तुम्ही बनवलेले नसतील तर बघू. बनवलेले असतील तर कागद प्राचार्यांकडे जातील आणि तुमचं वर्ष संपलं.” परतीच्या एस.टी.त मला सगळ्या वाटेवर मोगऱ्याचा वास येत होता.

रविवारी बाबा घरी होते. त्यांनी मुंबईची विजार घातली. गावकीनं ठरवलं की सरांना पोपटी खायला घालायची. त्यांची पाचची गाडी होती म्हणून पोपटी टळटळीत दुपारी लावायची वेळ आली. आमच्याकडे पोपटी दिवेलागणीनंतरची. उन्हात तिच्याभोवती उभं राहताना सगळ्यांना आंघोळीच्या वेळी कुणी आत आल्यासारखं अवघडल्यागत झालं होतं. कापणी झालेल्या शेतात नानांनी पुरुषमंडळींना रांगेत बसवलं. सर उघडी छत्री घेऊन बांधावरून आले. आजूबाजूला एक नारळ नव्हता.

“पोपटीला किती वेळ लागतो?” सरांनी विचारलं.

“अर्धा तास!” चाळीस गळ्यांतून एकदम आवाज निघाला. शेजारच्या आंब्यावरचे कावळे उडाले.

सरांनी पुढच्या रांगेतल्या चंदरला उठवलं. चंदर विशीतला, आणि त्याच आठवड्यात त्याला बघायला पाहुणे येणार होते. “तुम्हाला मुलं किती?” सरांनी विचारलं. चंदरनं नानांकडे पाहिलं. नानांनी डोळे मोठे केले. “चार,” चंदर म्हणाला. बायकांच्या घोळक्यातून त्याच्या आईनं “आता गं बाय!” म्हणत कपाळावर हात मारला. मी खाली बघत होते. मला एवढंच दिसत होतं की माझ्यासाठी हे सगळे ओळीनं खोटं बोलताहेत आणि प्रत्येक खोट्याबरोबर मी पनवेलच्या आणखी जवळ चालले आहे.

“बरं,” सर म्हणाले, “लावा.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बांधावर रुमाल अंथरून त्यावर ठेवलं.

मडकं समोर येईपर्यंत गाव एक होतं. मडकं आलं आणि पोशाकाकांनी पाला हातात घेतला तसा वरच्या आळीतून आवाज आला, “येवडा पाला? म्हशीला घालतोस काय?” अंडी मध्ये की वर, ओवा शेंगांना की पाल्याला, कोंबडी आधी गुंडाळायची की शेंगांवर तशीच ठेवायची, यावरून दोन्ही आळ्या उभ्या राहिल्या. नाना मधे पडून ओरडत होते, “ठरलंय ना, ठरलंय ना!” कुणीतरी ओरडलं, “कागदाचं ठरलंय नाना, मडक्याचं न्हाय ठरलं!” सरांनी छत्री मिटली. वही काढली आणि लिहायला लागले. ते इतके भराभर लिहीत होते की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला तरी त्यांनी तो वर केला नाही.

जाळ लागला. अर्धा तास झाला. सरांनी घड्याळ उचलून नानांना दाखवलं. पोशाकाका म्हणाले, “नाना, न्हाय झाली अजून. वरनं धूरच हाय नुसता.” नाना घामाघूम. अख्ख्या गावानं एकेचाळीस कागदांवर लिहून दिलेलं, आता मागे कसं यायचं? “ठरलंय अर्धा तास,” ते म्हणाले. “काढा.”

मडकं काढलं, उलटं केलं. शेंगा हिरव्यागार, बटाटे दगड, कोंबडी गुलाबी. सरांनी मोठ्या शांतपणे एक अंडं उचललं आणि गुडघ्यावर फोडलं. ते त्यांच्या पँटवरून ओघळत बुटात गेलं. कुणी हसलं नाही. गावाच्या इतिहासात पाहुण्यासमोर कच्ची पोपटी निघण्याची ही पहिलीच वेळ असणार, आणि तीही ओल्या पेंढ्यामुळे नाही, माझ्या चौकोनांमुळे.

तेवढ्यात आई पुढे आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. “मी पयल्या दिवशीच सांगितलं व्हतं, पानी मारून बघायचं,” ती म्हणाली, सरांना नाही, मडक्याला.

सरांनी बूट झटकत विचारलं, “बाई, तुमचा कागद यात दिसत नाही.”

“माजा हिनं घेतला न्हाय. म्हनाली, तुजं उत्तर बसत न्हाय.”

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. पुढे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, म्हणजे लाज वाटायचे प्रसंग काही कमी आले नाहीत, पण त्या दुपारसारखी लाज मला पुन्हा वाटली नाही. गावानं खोटं लिहिलं ते मायेपोटी. मी मात्र खरं उत्तर समोर येऊन ते फळीवर ठेवून दिलं होतं, आणि जिनं ते दिलं तिच्याच हातची भाकरी खाऊन वर शंभर टक्क्यांचा हिशेब मांडला होता. मला रडू फुटलं. मी रडत रडतच सरांना सांगितलं की मी कुणाच्याही घरी गेले नाही, कुणालाही विचारलं नाही, कागद नानांकडे टाकले, आणि पोपटी मी आजपर्यंत फक्त खाल्ली आहे, लावलेली एकदाही नाही.

“मग लावा,” सर म्हणाले.

दुसरं मडकं माझ्यासमोर आलं. मी हात धुतले आणि विचारायला लागले. पाला किती? अंडी कुठे? दहा जणांनी दहा उत्तरं दिली आणि मी प्रत्येकाला तोच तो शब्द विचारला, पण या वेळी कुणाला गप्प करायला नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पोशाकाका म्हणाले, अंडी मधे, कारण बुडाशी टाकली तर तडकतात, एकदा सगळी तडकली होती. असं मला कॉलेजातसुद्धा कुणी इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. जाळ पेटला. आई माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब मडक्यावरून घरंगळत खाली आले. “न्हाय,” आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा. थेंब जागेवर उकळले, बुडबुडे आले. “न्हाय.” सरांचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला, तशी आई म्हणाली, “ते ठेवा खिशात.” त्यांनी खरंच ठेवलं. मग पुन्हा एकदा पाणी मारलं आणि ‘चर्र’ झालं. थेंब पडला न पडला तो गेला. आईनं तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. माझ्याकडे बघत राहिली. “झाली,” मी म्हटलं.

झाली होती. शेंगा मऊ लोण्यासारख्या, कोंबडीचं हाड हातात सुटून येत होतं. सरांनी तीन अंडी खाल्ली आणि पाचची गाडी चुकवली. सहाच्या गाडीत चढताना ते मला म्हणाले, “हे सगळं पुन्हा लिहा. पंधरा दिवस देतो. चौकोन काढू नका. आणि ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या नावानिशी पानाच्या तळाला टीप देऊन लिहा.” एवढं बोलून त्यांनी खिडकीतून छत्री आत घेतली.

पंधरा दिवस मी घरोघर फिरले. पोशाकाका म्हणाले, एक विडी संपून दुसरी अर्धी होईपर्यंत. नाना म्हणाले, जाळाच्या अंगावर आहे, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, पंचेचाळीस. एक म्हातारी म्हणाली, जावई आला असेल तर लवकर काढू नये, बसू दे त्याला ताटकळत. शेवटी मी लिहिलं की पोपटीला नेमका किती वेळ लागतो हे सांगता येत नाही, आणि का सांगता येत नाही याची अठरा पानं झाली. निबंध देण्याच्या आदल्या दिवशी गाव देवळात जमलं आणि मी तो वाचून दाखवला. सगळ्यांना फक्त तळटिपा ऐकायच्या होत्या. नानांचं नाव नवव्या पानावर आणि पोशाकाकांचं तिसऱ्यावर, यावरून दोघं आठवडाभर बोलले नाहीत.

घरी आल्यावर आईनं विचारलं, माझं नाव कुठे आहे? तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून पानाच्या तळाशी नेलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तोंडी माहिती, हिराबाई दामोदर पाटील.’

“येवडंसं? आनि पायाशी?”

मी सांगितलं की आये, तशीच पद्धत आहे, सगळ्यांची नावं खालीच असतात.

“सरांच्या आईचं पन खालीच लिवतील?”

“मोठं लिव,” आई म्हणाली आणि पुन्हा माशांकडे वळली. पान नव्यानं लिहायला वेळ नव्हता. मी त्याच पानावर, वरच्या मोकळ्या जागेत, मजकुराच्याही डोक्यावर, मोठ्या ठळक अक्षरात तिचं नाव लिहिलं. लग्नपत्रिका सोडल्या तर ते कुणी कुठे लिहिल्याचं मला आठवत नाही. निबंध मान्य होऊन परत आला तेव्हा मी गुण बघायच्या आधी ते पान काढलं. तिच्या नावासमोर लाल शाईत लिहिलं होतं, ‘हे नियमात बसत नाही. राहू दे.’